ज्युलियस न्यरेरे

ज्युलियस कांबारागे न्यरेरे (१३ एप्रिल १९२२ – १४ ऑक्टोबर १९९९) हे पूर्व आफ्रिकेतील टांगानिकाचे पहिले पंतप्रधान आणि पहिले राष्ट्राध्यक्ष होते. १९६४ मध्ये टांगानिका आणि झांझिबार यांच्या एकीकरणातून टांझानिया हे राष्ट्र अस्तित्वात आले. त्याचे राष्ट्राध्यक्षपद त्यांनी १९८५ पर्यंत भूषविले. पेशाने ते शिक्षक होते आणि टांझानियन जनता त्यांना आजही ‘म्वालिमु’, म्हणजे गुरुजी, याच नावाने ओळखते. स्वाहिली भाषेच्या आधारे शंभराहून अधिक जमातींचे एकसंध राष्ट्र घडविणे हे त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मानले जाते, तर ‘उजामा’ या समाजवादी ग्रामयोजनेची सक्तीने केलेली अंमलबजावणी हे त्यांचे सर्वांत मोठे अपयश मानले जाते. ही दोन्ही कार्ये एकाच श्रद्धेतून निघाली होती. लोकांना नीट शिकविले तर ते बदलतात, अशी ती श्रद्धा होती.

बालपण आणि शिक्षण

न्यरेरे यांचा जन्म व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडील बुटियामा या गावी झाला. त्यांचे वडील न्यरेरे बुरिटो हे झानाकी या लहानशा जमातीचे प्रमुख होते. त्यांना बावीस पत्नी होत्या. ज्युलियस यांची आई मुगाया ही त्यांपैकी पाचवी. मूल जन्मले त्या दिवशी पाऊस पडत होता, म्हणून पर्जन्याशी संबंधित एका दैवताच्या नावावरून त्याचे नाव कांबारागे ठेवण्यात आले. घर प्रमुखाचे असले तरी राहणी साधी होती. गुरे राखणे आणि शेतात राबणे यांतच त्यांचे बालपण गेले.

वयाच्या बाराव्या वर्षी ते मुसोमा येथील शाळेत दाखल झाले. तोपर्यंत त्यांचा वावर झानाकी भाषेतच होता. पुढे ज्या स्वाहिलीला त्यांनी राष्ट्राची भाषा केले, ती त्यांची मातृभाषा नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९३७ मध्ये ते ताबोरा येथील सरकारी विद्यालयात गेले. इंग्लंडमधील नामांकित निवासी शाळांच्या धर्तीवर चालणाऱ्या या शाळेत जमातप्रमुखांची आणि निवडक हुशार मुले शिकत. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला आणि ‘ज्युलियस’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी ते युगांडातील माकेरेरे महाविद्यालयात अध्यापनाची पदविका घेण्यासाठी गेले. तेथे जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी आफ्रिकी स्त्रीच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहिला. बावीस पत्नींच्या घरात वाढलेल्या तरुणाने हा विषय निवडावा, यात नवल नाही.

ताबोरा येथील सेंट मेरी शाळेत तीन वर्षे शिकविल्यानंतर १९४९ मध्ये त्यांना एडिनबरा विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली. तेथे त्यांनी इतिहास, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करून १९५२ मध्ये एम.ए. ही पदवी संपादन केली. ब्रिटनमधील फेबियन समाजवादाचा प्रभाव त्यांच्यावर पडला तो याच काळात. मायदेशी परतल्यावर दार-ए-सलामजवळच्या पुगू येथील सेंट फ्रान्सिस महाविद्यालयात ते शिकवू लागले. जानेवारी १९५३ मध्ये मारिया गॅब्रिएल मागिगे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

स्वातंत्र्यचळवळ

टांगानिका ही मूळची जर्मन वसाहत होती. १९०५ ते १९०७ या काळात दक्षिणेकडील अनेक जमातींनी एकत्र येऊन जर्मन सत्तेविरुद्ध ‘माजी माजी’ नावाचा उठाव केला आणि तो अत्यंत क्रूरपणे चिरडला गेला. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश राष्ट्रसंघाच्या वतीने आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली ब्रिटनकडे राहिला. कायद्याने तो ब्रिटनच्या मालकीचा नव्हता. न्यरेरे यांनी आपल्या चळवळीत या कायदेशीर वस्तुस्थितीचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

१९५३ मध्ये ते टांगानिका आफ्रिकन असोसिएशनचे अध्यक्ष झाले. ही संस्था तोवर बरीचशी सुशिक्षितांच्या मंडळासारखी होती. ७ जुलै १९५४ रोजी तिचे रूपांतर टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन अर्थात ‘टानू’ या राजकीय पक्षात करण्यात आले. सातव्या महिन्यातील सातवा दिवस म्हणून ‘साबा साबा’ या नावाने हा दिवस पुढे साजरा होऊ लागला. मार्च १९५५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त परिषदेपुढे त्यांनी टांगानिकाची बाजू मांडली. परत आल्यावर राजकारण आणि अध्यापन यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

टानूचा प्रसार ज्या वेगाने झाला, त्याचे मोठे श्रेय स्वाहिलीला जाते. किनाऱ्यावरील व्यापारातून विकसित झालेली ही भाषा काफिल्यांच्या वाटांनी देशाच्या आतल्या भागात पोहोचली होती. जर्मन प्रशासनानेही तिचा कारभारात वापर केला होता. त्यामुळे शेजारच्या अनेक वसाहतींत पुढाऱ्यांना गावोगाव दुभाषे घेऊन फिरावे लागे, तेव्हा न्यरेरे देशाच्या बहुतेक भागांत एकाच भाषेत सभा घेऊ शकत. चळवळीतील स्त्रियांना संघटित करणाऱ्या बीबी तिती मोहमद यांचेही स्वाहिली वक्तृत्व प्रभावी होते. त्यांच्यामुळे दार-ए-सलाममधील सामान्य मुस्लिम स्त्रिया मोठ्या संख्येने पक्षात आल्या.

१९५८ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने निवडणुकीची एक चमत्कारिक पद्धत पुढे आणली. प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकी, एक युरोपीय आणि एक आशियाई अशा तीन उमेदवारांना मत देणे बंधनकारक होते. मूठभर युरोपीय, त्यांच्याहून थोडे अधिक आशियाई आणि जवळजवळ सर्व लोकसंख्या असलेले आफ्रिकी यांना समान जागा देणारी ही रचना उघड अन्यायाची होती. टानूमधील अनेकांना बहिष्कार हवा होता. ताबोरा येथील अधिवेशनात न्यरेरे यांनी सहभागाचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. पक्षाने अनुकूल युरोपीय आणि आशियाई उमेदवारांना पाठिंबा देऊन तिन्ही प्रकारच्या जागा मिळविल्या. डेरेक ब्राइसन आणि भारतीय वंशाचे अमीर जमाल हे असेच निवडून आले, आणि दोघेही पुढे दीर्घकाळ मंत्री होते. १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा टानूकडे आल्या. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्या रात्री किलिमांजारो पर्वताच्या शिखरावर मशाल पेटविण्यात आली.

स्वातंत्र्याच्या काही आठवडे आधी नागरिकत्वाच्या विधेयकावर मोठा वाद झाला होता. नागरिकत्व केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्यावे, अशी स्वपक्षातील काही सदस्यांची मागणी होती. वंशावर आधारलेले नागरिकत्व म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध आपण लढलो त्याचीच पुनरावृत्ती होय, अशी भूमिका न्यरेरे यांनी घेतली. या प्रश्नावर त्यांनी आपल्या सरकारची प्रतिष्ठा पणाला लावली आणि विधेयक मंजूर करून घेतले.

राष्ट्राध्यक्षपद आणि एकीकरण

जानेवारी १९६२ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिनेही झाले नसताना, न्यरेरे यांनी पंतप्रधानपद सोडले. पद रशीदी कावावा यांच्याकडे सोपवून ते पक्षबांधणीसाठी देशभर फिरले. वर्षअखेरीस देश प्रजासत्ताक झाला आणि ते राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. जमातप्रमुखांची पारंपरिक सत्ता १९६३ मध्ये रद्द करण्यात आली. ती रद्द करणारा स्वतः एका प्रमुखाचा मुलगा होता.

१९६४ चे वर्ष अस्थैर्याचे ठरले. १२ जानेवारीला झांझिबारमध्ये क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथली. या हिंसाचारात अरब आणि भारतीय वंशाचे अनेक लोक मारले गेले आणि हजारोंनी बेट सोडले. त्याच महिन्यात टांगानिकाच्या सैन्यातही बंड झाले. ते मोडण्यासाठी न्यरेरे यांना ब्रिटिश सैनिकांची मदत मागावी लागली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या प्रमुखाला हे अतिशय लाजिरवाणे वाटले. जुने सैन्य विसर्जित करून नवे उभारण्यात आले. २६ एप्रिल रोजी झांझिबारचे अध्यक्ष आबेद करुमे यांच्याशी झालेल्या करारान्वये दोन्ही देशांचे एकीकरण झाले, आणि ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्राला टांझानिया हे नाव मिळाले. झांझिबारला अंतर्गत कारभारात मोठी स्वायत्तता राहिली. या एकीकरणाविषयीचे वाद अद्याप पूर्णपणे शमलेले नाहीत.

१९६५ मध्ये टांझानिया कायद्याने एकपक्षीय राष्ट्र झाले. प्रत्येक मतदारसंघात टानूचेच दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहत. त्यामुळे अनेकदा मंत्रीही पराभूत होत. मात्र विरोधी मताला संघटित होण्याची वाट उरली नाही. १९६२ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अनेकांना खटल्याविना तुरुंगात ठेवले गेले. न्यरेरे यांचे जुने सहकारी ऑस्कर कांबोना १९६७ मध्ये देश सोडून गेले. बीबी तिती मोहमद यांना देशद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि १९७२ मध्ये त्यांची सुटका करण्यात आली. न्यरेरे यांचे वैयक्तिक चारित्र्य निष्कलंक होते, पण त्याने या बाबींचे समर्थन होत नाही.

भाषा आणि संस्कृती

१९६२ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी राष्ट्रीय संस्कृती आणि युवक यांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले. वसाहतवादाने आफ्रिकी माणसाला स्वतःच्या नृत्यसंगीताची लाज वाटायला शिकविले, असे त्यांचे मत होते. १९६७ मध्ये स्वाहिलीला शासकीय कारभाराची भाषा म्हणून स्थान मिळाले. त्याच वर्षी राष्ट्रीय स्वाहिली परिषद स्थापन झाली. कायदा, विज्ञान आणि प्रशासन यांसाठी परिभाषा तयार करण्याचे काम तिच्याकडे आले. महाराष्ट्रात त्याच दशकात राजभाषा मराठीसाठी परिभाषाकोशांचे जे कार्य चालू होते, त्याची येथे आठवण होते. प्राथमिक शिक्षण संपूर्णपणे स्वाहिलीतून होऊ लागले.

न्यरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरच्या दोन नाटकांचे स्वाहिलीत पद्यानुवाद केले. ‘ज्युलियस सीझर’चा अनुवाद १९६३ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा अनुवाद ‘माबेपारी वा वेनिसी’ या नावाने आला. राष्ट्रप्रमुखाचा कारभार सांभाळत हे काम करण्यामागे उद्देश होता तो आपल्या भाषेचे सामर्थ्य सिद्ध करण्याचा. दुसऱ्या शीर्षकातील ‘बेपारी’ हा शब्द पश्चिम भारतातून समुद्रमार्गे स्वाहिलीत गेलेला आहे. आपला ‘व्यापारी’ तो हाच. अरुशा जाहीरनाम्याच्या सुमारास मात्र स्वाहिलीत त्याला ‘भांडवलदार’ हा अर्थ प्राप्त झाला होता, आणि शीर्षक निवडताना अनुवादकाला तो अभिप्रेत असावा. पूर्व आफ्रिकेतील किरकोळ आणि घाऊक व्यापार प्रामुख्याने भारतीय वंशाच्या लोकांच्या हाती होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाच्या अर्थांतरात दडलेला सामाजिक तणावही दिसतो. १९७१ मध्ये भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. त्याची झळ मुख्यतः या समाजाला बसली आणि हजारो कुटुंबे देश सोडून गेली. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, परंतु परिणाम वंशावर पडला.

या काळात स्वाहिली साहित्याला बहर आला. इब्राहिम हुसेन यांनी १९६९ मध्ये ‘किंजेकेटिले’ हे नाटक लिहून माजी माजी उठावाच्या नेत्याला रंगभूमीवर आणले. संस्कृतीच्या नावाखाली काही हास्यास्पद प्रकारही घडले. १९६८ मध्ये टानूच्या युवक संघटनेने आखूड घागरे आणि घट्ट विजारी यांच्यावर मोहीम उघडली, आणि दार-ए-सलामच्या रस्त्यांवर तरुणींना अडविण्यात आले.

भाषेचे कार्य मात्र अर्धेच राहिले. माध्यमिक आणि उच्च शिक्षण इंग्रजीतूनच चालू होते. १९८२ मध्ये शिक्षणविषयक आयोगाने माध्यमिक स्तरावरही स्वाहिली आणण्याची शिफारस केली, तेव्हा सरकारने ती अमलात आणली नाही. जगाशी संबंध राखण्यासाठी इंग्रजी आवश्यक आहे, अशी भूमिका या वेळी खुद्द न्यरेरे यांनी घेतली. स्वाहिलीत सात वर्षे शिकलेले मूल आठव्या वर्षी अचानक अनोळखी भाषेत विज्ञान शिकू लागते, ही अडचण त्यामुळे कायम राहिली.

अरुशा जाहीरनामा आणि उजामा

ऑक्टोबर १९६६ मध्ये विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा काढला. सेवाकाळात वेतन कमी मिळणार, ही त्यांची मुख्य तक्रार होती. न्यरेरे यांनी सुमारे ४०० विद्यार्थ्यांना घरी पाठविले आणि त्याच वेळी स्वतःचे वेतन २० टक्क्यांनी कमी केले. गरीब शेतकऱ्याच्या कष्टांवर शिकलेला वर्ग त्याच्यापासून तुटत चालला आहे, ही चिंता त्यांना सतावत होती. परकीय मदतीचा अनुभवही कटू होता. ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर डिसेंबर १९६५ मध्ये टांझानियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, तेव्हा ७५ लाख पौंडांचे ब्रिटिश कर्ज गोठविण्यात आले.

५ फेब्रुवारी १९६७ रोजी जाहीर झालेल्या अरुशा जाहीरनाम्याने समाजवाद आणि स्वावलंबन ही राष्ट्रीय धोरणे ठरविली. बँका आणि प्रमुख उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. पक्षाच्या आणि सरकारच्या पदाधिकाऱ्यांना घरे भाड्याने देणे, कंपन्यांचे समभाग बाळगणे आणि दोन वेतने घेणे निषिद्ध करण्यात आले. पुढच्या महिन्यात शिक्षणाविषयीचे धोरण प्रसिद्ध झाले. शाळेत शेती आणि श्रम यांना स्थान देणाऱ्या या विचाराचे गांधीजींच्या नई तालीमशी साम्य आहे.

‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. या शब्दाचे मूळ अरबी असून मराठीतील ‘जमात’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. आफ्रिकी कुटुंबात सर्व जण काम करतात, सर्व जण वाटून खातात आणि पाहुण्यालाही दोन दिवसांनी कुदळ मिळते. याच तत्त्वाचा विस्तार गावापर्यंत आणि राष्ट्रापर्यंत करावा, असे न्यरेरे यांचे प्रतिपादन होते. विखुरलेल्या वस्त्यांतील शेतकऱ्यांनी एकत्र गावे वसवावीत, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पाणी देणे शक्य होईल. हे सर्व स्वेच्छेने व्हावे, असे त्यांनी आरंभी वारंवार लिहिले.

नैऋत्येच्या रुवुमा प्रांतात तसे खरोखर घडले होते. लिटोवा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून स्वतःच्या निर्णयाने सामूहिक शेती सुरू केली होती. न्यरेरे यांना या प्रयोगाचे मोठे कौतुक होते. मात्र या गावांची संघटना पक्षाच्या अधिकाऱ्यांचे ऐकत नसे. सप्टेंबर १९६९ मध्ये टानूच्या मध्यवर्ती समितीने तिच्यावर बंदी घातली आणि न्यरेरे यांनी ती होऊ दिली. उजामाच्या इतिहासातील निर्णायक क्षण बहुधा हाच होता. लोकांनी आपणहून उभे केलेले काम मोडले आणि वरून आदेश देऊन तेच काम करवून घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्यानंतर सक्ती वाढत गेली. १९७१ च्या नाताळच्या दिवशी इरिंगा प्रांताचे आयुक्त विल्बर्ट क्लेरू यांची एका संतप्त शेतकऱ्याने गोळी घालून हत्या केली. तरीही नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यरेरे यांनी १९७६ च्या अखेरपर्यंत सर्व ग्रामीण जनतेने गावांत राहावे, असा आदेश जाहीर केला. पुढील तीन वर्षांत किमान ५० लाख लोकांचे स्थलांतर झाले. आफ्रिकेतील त्या काळातील हे सर्वांत मोठे नियोजित स्थलांतर होते. अनेक ठिकाणी लष्कर आणि मालमोटारी आणून कुटुंबे हलविण्यात आली, आणि परत येऊ नयेत म्हणून त्यांची घरे पेटविण्यात आली. नव्या जागा रस्त्यालगत निवडलेल्या होत्या, त्यामुळे शेते दूर पडली आणि पाणी अपुरे झाले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले जमिनीचे ज्ञान नव्या मातीत निरुपयोगी ठरले. १९७४-७५ मध्ये अवर्षणाची भर पडून धान्याची प्रचंड आयात करावी लागली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था १९७६ मध्ये रद्द करून त्यांचे काम सरकारी मंडळांकडे देण्यात आले. ही मंडळे माल वेळेवर उचलीत नसत आणि पैसेही उशिरा देत. स्वावलंबनाची घोषणा करणारा देश दशकाच्या अखेरीस परकीय मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या आफ्रिकी देशांपैकी एक झाला.

त्याच गावांत शाळाही उभ्या राहिल्या, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमांत लक्षावधी शेतकरी संध्याकाळी झाडाखाली बसून अक्षरे गिरवू लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, सरकारी गणनेनुसार, प्रौढ साक्षरता सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचली होती. बालमृत्यूचे प्रमाण घटले आणि आयुर्मान वाढले.

परराष्ट्र धोरण

दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, ऱ्होडेशिया आणि इतर देशांतील मुक्तिसंघटनांना दार-ए-सलाममध्ये आश्रय मिळाला. मोझांबिकची फ्रेलिमो ही संघटना १९६२ मध्ये तेथेच स्थापन झाली. चीनच्या साहाय्याने १९७० ते १९७५ या काळात बांधलेला, झांबियापर्यंत जाणारा १,८६० किलोमीटरचा टाझारा लोहमार्ग हाही याच धोरणाचा भाग होता. गोऱ्या राजवटींच्या प्रदेशातून न जाता झांबियाचे तांबे बंदरापर्यंत आणणे हा त्याचा हेतू होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने कागेरा प्रदेश बळकावला. टांझानियाच्या सैन्याने त्याला मागे रेटले आणि एप्रिल १९७९ मध्ये कंपाला जिंकून त्याची राजवट संपविली. त्या युद्धाचा खर्च टांझानियाला जवळजवळ एकट्यानेच सोसावा लागला आणि आधीच खिळखिळी झालेली अर्थव्यवस्था आणखी कोलमडली. दुकानांत साबण, साखर आणि कापड मिळेनासे झाले.

निवृत्ती आणि अखेरचा काळ

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी न्यरेरे यांनी अनेक वर्षे नाकारल्या. धोरण बदलणे अपरिहार्य झाले, तेव्हा ते करण्यासाठी आपण योग्य नाही, हे त्यांनी ओळखले. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपद सोडले आणि अली हसन म्विन्यी यांनी ते स्वीकारले. नव्या सरकारने पुढच्याच वर्षी नाणेनिधीशी करार केला. सत्तेवरून आपणहून दूर होणारे राष्ट्रप्रमुख त्या काळच्या आफ्रिकेत विरळा होते. उजामाच्या अंमलबजावणीत चुका झाल्या, हे त्यांनी पुढे मान्य केले, पण समाजवादावरील निष्ठा सोडली नाही. १९९० मध्ये त्यांनी पक्षाचे अध्यक्षपदही सोडले आणि बहुपक्षीय पद्धतीवर खुली चर्चा व्हावी असे सुचविले. १९९२ मध्ये ती पद्धत स्वीकारण्यात आली.

१९८७ ते १९९० या काळात ते विकसनशील देशांच्या ‘साउथ कमिशन’चे अध्यक्ष होते. या आयोगाचे महासचिव म्हणून डॉ. मनमोहन सिंग यांनी त्यांच्याबरोबर काम केले. भारत सरकारने १९९५ मध्ये सुरू केलेला गांधी शांतता पुरस्कार सर्वप्रथम न्यरेरे यांना देण्यात आला. १९९६ पासून ते बुरुंडीतील यादवी थांबविण्यासाठी मध्यस्थी करीत होते. उरलेला वेळ ते बुटियामा येथे शेती, वाचन आणि लेखन यांत घालवीत. बायबलच्या काही भागांचे त्यांनी ‘उतेंझी’ या पारंपरिक स्वाहिली काव्यप्रकारात रूपांतर केले.

रक्ताच्या कर्करोगाने १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमधील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मायदेशी आणून बुटियामा येथे दफन करण्यात आले. १४ ऑक्टोबर हा दिवस टांझानियात न्यरेरे दिन म्हणून पाळला जातो. कॅथलिक चर्चच्या मुसोमा धर्मप्रांताने त्यांना संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया सुरू केली असून २००५ पासून त्यांना ‘ईश्वराचा सेवक’ हा प्राथमिक दर्जा आहे.